येन घसरला तेव्हा: योकोसुकातील एका कुटुंबाच्या ‘कोला’चा हिशेब

२०२२ च्या जानेवारीत एका डॉलरला साधारण ११५ येन मिळत होते. सप्टेंबरात हा दर १४५ च्या घरात गेला, जपानच्या अर्थमंत्रालयाला १९९८ नंतर प्रथमच येन विकत घेऊन चलनबाजारात हस्तक्षेप करावा लागला, आणि तरीही २० ऑक्टोबरला दराने १५० चा टप्पा ओलांडलाच. अमेरिकेची मध्यवर्ती बँक मार्चपासून व्याजदर चढवत होती आणि बँक ऑफ जपान मात्र उणे ०.१ टक्क्याला चिकटून होती, हे त्यामागचे मुख्य कारण. जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांना पगार डॉलरमध्ये मिळतो; तेव्हा लांबून पाहणाऱ्याला वाटावे की या मंडळींची चंगळ झाली असेल. प्रत्यक्षात तळांवरच्या अनेक कुटुंबांची तक्रार नेमकी उलटी होती: दुकानातले भाव चढत असताना त्यांचा राहणीमान खर्च भत्ता, ज्याला तिथे सगळे नुसते ‘कोला’ म्हणतात, खाली येत होता.

ही तक्रार कितपत रास्त होती, हे एका घराच्या हिशेबातून तपासण्याचा या टिपणाचा हेतू आहे. ठिकाण घेतले आहे टोकियो उपसागराच्या तोंडाशी असलेले योकोसुका, जिथे अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे मुख्यालय आहे. कुटुंब प्रातिनिधिक म्हणून रचलेले आहे: ई-६ (म्हणजे मधल्या) श्रेणीचा नौसैनिक, त्याची पत्नी आणि दोन लहान मुले, तळाबाहेर भाड्याच्या घरात राहणारी. विनिमय दर आणि भत्त्याचे नियम खरे आहेत. कुटुंबाचे उत्पन्न, खरेदीची विभागणी आणि भावांची गुणोत्तरे मात्र रीत नीट कळावी म्हणून गोल आकड्यांत धरलेली आहेत, आणि प्रत्यक्ष सूत्रही थोडे सोपे करून मांडले आहे.

भत्ता कशाचा आणि कशाचा नाही

परदेशातील कोला हा करमुक्त भत्ता आहे. अमेरिकेत राहून जे सामान आणि ज्या सेवा घेतल्या असत्या, त्या परदेशात घेताना जो जादा खर्च येतो त्याची काही प्रमाणात भरपाई करणे एवढेच त्याचे काम. तो ठरवण्याची जबाबदारी संरक्षण खात्याच्या डिफेन्स ट्रॅव्हल मॅनेजमेंट ऑफिसकडे आहे.

घरभाडे आणि वीज-पाण्याचा खर्च यात येत नाही. त्यासाठी परदेश गृहभत्ता वेगळा असतो आणि तोही विनिमय दराप्रमाणे बदलत राहतो, त्यामुळे येन स्वस्त झाला म्हणून भाड्यात सैनिकाच्या खिशात काही उरत नाही. मुलांची शाळा संरक्षण खात्याची, औषधोपचार लष्करी व्यवस्थेतून, म्हणून तेही बाजूला राहतात. पत्नीला अमेरिकेत नोकरी होती आणि इथे ती सुटली, तर त्या बुडालेल्या पगाराला या हिशेबात कुठेच जागा नाही. लष्करी कुटुंबांच्या दृष्टीने परदेशी बदलीचा सर्वांत मोठा आर्थिक फटका बहुधा हाच असतो, पण तो कोलाच्या कक्षेबाहेरचा आहे हे सुरुवातीलाच मान्य करून पुढे जावे लागते.

भत्त्याची रक्कम दोन आकड्यांवर ठरते. पहिला आकडा खर्चयोग्य उत्पन्नाचा: सैनिकाच्या एकूण वेतनातून कर, घराचा खर्च, बचत, विमा, देणग्या अशा गोष्टी वजा करून जे रोजच्या सामानासुमानावर आणि सेवांवर खर्च होते ते. हा आकडा त्या विशिष्ट सैनिकाच्या बँक खात्यात डोकावून काढलेला नसतो. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या ग्राहक खर्च पाहणीवरून श्रेणी, सेवेची वर्षे आणि अवलंबितांची संख्या यांचे तक्ते तयार केलेले असतात आणि त्या तक्त्यातली रक्कम त्या सैनिकाला लागू होते. अवलंबितांची मोजणी पाचापर्यंतच चालते. सहाव्या अवलंबितासाठी भत्ता वाढत नाही. दुसरा आकडा ठिकाणाचा निर्देशांक. अमेरिकेची सरासरी १०० धरली आणि योकोसुकाचा निर्देशांक १२० आला, तर खर्चयोग्य उत्पन्नाच्या २० टक्के भत्ता मिळतो.

आपल्या कुटुंबाचे खर्चयोग्य उत्पन्न वर्षाला ३६,००० डॉलर, म्हणजे महिन्याला ३,००० धरू. निर्देशांक १२० असताना कोला महिन्याला ६०० डॉलर होतो.

निर्देशांकाच्या पोटात काय असते

निर्देशांकासाठी दोन पाहण्या होतात. दर तीन वर्षांनी होणाऱ्या राहणीमान पाहणीत सैनिक आणि त्यांचे जोडीदार सांगतात की कोणती वस्तू ते कुठे घेतात: तळावरच्या कमिसरीत (लष्करी किराणा दुकानात), एक्स्चेंजमध्ये (इतर सामानाच्या लष्करी दुकानात), इंटरनेटवरून, की तळाबाहेरच्या बाजारात, आणि बाहेर घेत असतील तर कोणत्या दुकानात. वर्षातून एकदा होणाऱ्या किंमत पाहणीत सुमारे १२० वस्तू आणि सेवांचे भाव प्रत्यक्ष टिपले जातात, आणि ते टिपायचे दुकान राहणीमान पाहणीतल्या उत्तरांवरून निवडलेले असते. योकोसुकाच्या मुख्य फाटकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर कोआस्का हे मोठे खरेदी संकुल आहे. कुटुंबांनी तिथले नाव दिले तर भाव तिथले घेतले जातील, टोकियोच्या महागड्या गिन्झा भागातले नाहीत.

हे काम कागदावर वाटते तितके सरळ नसते. दुधाचेच पाहा. अमेरिकेत दूध गॅलनच्या कॅनमध्ये मिळते, म्हणजे सुमारे ३.७८ लिटर, जपानी दुकानात ते एक लिटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्याची किंमत २२० येन असेल तर ११५ च्या दराने ते १ डॉलर ९१ सेंटला पडले, १४५ च्या दराने १ डॉलर ५२ सेंटला. दुकानदाराने किंमत एका येनानेही बदलली नाही, तरी निर्देशांकाच्या दृष्टीने दूध २० टक्क्यांनी स्वस्त झाले. शिवाय बाहेरच्या खरेदीवर जपानचा उपभोग कर लागतो, सर्वसाधारण १० टक्के आणि खाद्यपदार्थांवर ८ टक्के. तळावरच्या दुकानांत तो लागत नाही, पण कमिसरीत बिलावर ५ टक्के अधिभार पडतो. केस कापणे, गाडीची दुरुस्ती, उपाहारगृहातले जेवण, द्रुतगती मार्गाचा टोल यांची तुलना दुधापेक्षा अवघड असते, आणि नेमक्या याच गोष्टींसाठी कुटुंबांना तळाबाहेर जावे लागते.

भाव आणि खरेदीच्या सवयी एकत्र केल्या की निर्देशांक मिळतो. पाहणीनुसार योकोसुकातील सरासरी कुटुंब ४५ टक्के खरेदी तळावर, ३५ टक्के बाहेर येनमध्ये आणि २० टक्के इंटरनेटवरून डॉलरमध्ये करते असे धरू. इंटरनेटची खरेदी लष्करी टपालाच्या पत्त्यावर अमेरिकेतल्या देशांतर्गत टपालदराने येते, त्यामुळे ती फार महाग पडत नाही. अमेरिकेच्या सरासरीच्या तुलनेत तळावरचे भाव १.०५ पट, इंटरनेटचे १.०४ पट आणि ११५ च्या दराने बाहेरचे १.४८ पट धरले, तर ०.४५ गुणिले १.०५, अधिक ०.३५ गुणिले १.४८, अधिक ०.२० गुणिले १.०४, अशी बेरीज १.१९८५ येते. गोल करून निर्देशांक १२०.

यातला येनचा हिस्सा ३५ टक्केच आहे, पण १०० च्या वरच्या वीस गुणांपैकी जवळजवळ सतरा गुण त्यातून येतात. येन हलला की भत्ता एवढा का हलतो, त्याचे उत्तर इथे आहे.

११५ वरून १४५

निर्देशांकाचे तीन घटक तीन वेगवेगळ्या गतींनी बदलतात. खरेदीच्या सवयी तीन वर्षांतून एकदा, भाव वर्षातून एकदा, पण विनिमय दरामुळे होणारा बदल महिन्याच्या १ किंवा १६ तारखेपासून, म्हणजे कोणत्याही पंधरवड्याला लागू होऊ शकतो. २०२२ मध्ये तिन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळला आणि पगाराच्या पावतीवर फक्त एक घटलेली रक्कम दिसली. ते वेगळे करून पाहिल्याशिवाय तक्रारीचा निवाडा होणार नाही.

आधी फक्त विनिमय दर बदलू. बाहेरच्या भावांचे गुणोत्तर १.४८ वरून १.१७ वर येते, कारण तेच येन आता कमी डॉलरमध्ये मिळतात. निर्देशांक १०९ होतो आणि कोला ६०० वरून २७० डॉलरवर येतो. महिन्याला ३३० डॉलर गेले, आणि ज्या घरात ही रक्कम किराणा आणि पेट्रोलसाठी गृहीत धरलेली असते तिथे हा मोठाच धक्का आहे. पण त्याच घराचे बाहेरच्या खरेदीचे बिल किती घटले? आधी ते १,५५४ डॉलर होते, आता तेच सामान १,२३२ डॉलरला येते. वाचले ३२२. गेलेले आणि वाचलेले जवळपास जुळतात. आठ डॉलरचा फरक निर्देशांक गोल केल्यामुळे पडला आहे. विनिमय दरापुरते बोलायचे तर सरासरी कुटुंबाचे काहीही बिघडलेले नाही. भत्ता पावतीवर ठळक दिसतो, बचत मात्र केशकर्तनालयात, नूडल्सच्या दुकानात आणि टोलनाक्यावर सुटी सुटी होते, म्हणून एक लक्षात राहते आणि दुसरी राहत नाही, इतकेच.

मात्र हे ‘सरासरी कुटुंब’ तळावर शोधून सापडणे कठीण. आपले कुटुंब लहान मुलांचे आहे. डायपर, दूध, सिरियल, औषधाच्या दुकानातले किरकोळ सामान हे सगळे ते कमिसरीत आणि एक्स्चेंजमध्ये घेते. बाहेरची खरेदी फार तर १५ टक्के, तळावरची ६५ आणि इंटरनेटची २०. त्यांना स्वस्त येनचा फायदा महिन्याला सुमारे १३८ डॉलर झाला आणि कपात झाली ३३०. १९२ डॉलरचा निव्वळ तोटा. त्यांच्या इमारतीत राहणारे, मुले नसलेले एखादे तरुण जोडपे निम्म्याहून अधिक पैसे बाहेर खर्च करत असेल, तर खर्चयोग्य उत्पन्न तेवढेच धरल्यास त्यांचा फायदा ४५० डॉलरच्या वर जातो आणि कपात होऊनही ते पुढेच राहतात. भत्ता ठिकाणासाठी एकच असतो. घरागणिक वेगळा निर्देशांक काढणे शक्य नाही, आणि काढावा असेही मला वाटत नाही, कारण मग प्रत्येकाच्या खरेदीची बिले तपासत बसावे लागेल.

तरीही लहान मुलांच्या कुटुंबाची तक्रार इथे जितकी बळकट दिसते तितकी ती नाही. त्यांच्या सवयींप्रमाणे ११५ च्या दराने खरा जादा खर्च काढला तर तो महिन्याला सुमारे ३३८ डॉलर येतो. त्यांना मिळत होते ६००. येन महाग होता तेव्हा इतरांच्या बाहेरच्या खर्चाच्या जोरावर त्यांच्या हाती दरमहा २६२ डॉलर जास्तीचे पडत होते आणि त्याबद्दल अर्थातच कोणी तक्रार केली नव्हती. १४५ च्या दराने त्यांचा खरा जादा खर्च २०० डॉलर, भत्ता २७०. कपातीनंतरही ७० डॉलर वरच आहेत. त्यांनी गमावली ती भरपाई नव्हे, भरपाईच्या वरचा लाभ. तो कायमचा आहे असे समजून गाडीचा हप्ता किंवा मुलीच्या बॅले वर्गाची फी त्यावर बांधली असेल, तर ओढाताण खरी आहे. अन्याय मात्र म्हणता येत नाही.

अमेरिकेतले भाव वाढले की परदेशातला भत्ता घटतो

आता भाव हलवू. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत ग्राहक किमतींची वार्षिक वाढ ९.१ टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांतली सर्वाधिक. जपानमध्येही भाव वाढत होते, पण खूपच कमी वेगाने. हिशेबासाठी अमेरिकेत ८ टक्के आणि जपानमध्ये ३ टक्के वाढ धरू.

तळावरचे आणि इंटरनेटचे भाव अमेरिकेच्या भावांबरोबर चढतात, म्हणून त्यांचे अमेरिकेशी असलेले गुणोत्तर तेच राहते: १.०५ आणि १.०४. बाहेरचे भाव ३ टक्क्यांनी वाढले पण ज्याच्याशी तुलना करायची ती अमेरिकेची सरासरी ८ टक्क्यांनी वाढली, त्यामुळे १.१७ चे गुणोत्तर १.१२ वर उतरते. निर्देशांक १०७, कोला २१० डॉलर. म्हणजे योकोसुकातले प्रत्येक दुकान महाग झाले, तळावरचे आणि बाहेरचेही, आणि तरीही भत्ता आणखी ६० डॉलरनी घटला. कुटुंबांना सर्वांत जास्त खटकते ते हेच, आणि समजावून सांगायला सर्वांत अवघडही हेच.

आपल्याकडच्या महागाई भत्त्याची सवय असलेल्या वाचकाला तर हे उफराटेच वाटेल. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावर चालतो आणि जानेवारी व जुलै अशा दोन वेळा सुधारला जातो. तो जानेवारी २०२२ पासून ३४ टक्के आणि जुलै २०२२ पासून ३८ टक्के झाला. मुंबईत कुलाब्याला असलेल्या सैनिकाला आणि देवळालीच्या सैनिकाला त्याची टक्केवारी सारखीच. ठिकाणाचा फरक दिसतो तो घरभाडे भत्त्यात, जिथे मुंबई-पुणे एका वर्गात आणि नागपूर त्याखालच्या वर्गात येते. महागाई भत्ता काल आणि आज यांची तुलना करतो. कोला इथे आणि तिथे यांची तुलना करतो, तीही एकाच दिवशी. त्याला कालचे भाव ठाऊकच नसतात. महागाई मोजण्याचे काम कोलाकडून होणार नाही. जगभर भाव दुप्पट झाले तरी निर्देशांक जागचा हलणार नाही.

मग आपल्या कुटुंबाचे नेमके किती नुकसान झाले? इथे सरासरी सवयींचे कुटुंब घेणेच योग्य, म्हणजे येनच्या चढउताराचा गोंधळ राहत नाही. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या हाती ३,००० अधिक ६००, म्हणजे ३,६०० डॉलर होते आणि सामानाचा खर्च ३,५९६. सगळे बदल झाल्यानंतर हाती ३,२१० आणि खर्च ३,४७४. दरमहा २६४ डॉलरची तूट. आता अमेरिकेतच, व्हर्जिनियातल्या नॉरफोकला त्याच श्रेणीत काम करणाऱ्या, तेवढेच खर्चयोग्य उत्पन्न असणाऱ्या सैनिकाकडे पाहा. त्याला कोला नाही. वर्षापूर्वी जे सामान ३,००० डॉलरला येत होते ते आता ३,२४० ला येते आणि पगार तोच आहे. त्याची तूट २४० डॉलर.

२६४ आणि २४०. योकोसुकाच्या कुटुंबाची जवळजवळ सगळी तूट ही अमेरिकेतल्या महागाईची आहे आणि ती नॉरफोकच्या कुटुंबालाही तशीच सोसावी लागली. उरलेले २४ डॉलर मात्र खास परदेशाचे आहेत: त्यातले सात निर्देशांक गोल केल्याचे आणि सतरा यामुळे की निर्देशांक महागाईने फुगलेल्या खर्चावर न लागता तक्त्यातल्या जुन्या ३,००० वर लागला. खर्चयोग्य उत्पन्नाचा तक्ता वेतनाशी बांधलेला असल्याने, महागाई वेतनाच्या पुढे धावते तेव्हा ही छोटी फट पडते. पद्धतीचा दोष म्हणून बोट ठेवायचे तर ते इथे ठेवता येईल.

बाकीच्या २४० डॉलरांचा जाब कोलाला नव्हे, मूळ वेतनाला विचारायला हवा. २०२२ साठी लष्करी वेतनवाढ होती २.७ टक्के, भाव ८-९ टक्क्यांनी वाढत असताना ती अपुरी होती यात शंका नाही. २०२३ साठी ४.६ आणि २०२४ साठी ५.२ टक्के वाढ मिळाली, पण ती येईपर्यंत तळावरचा राग कोलावर निघून गेला होता. २०२१ च्या अखेरीस परदेशातील कोलाची ठरलेली कपात काही महिने लांबणीवर टाकण्यात आली होती, त्यामागेही महासाथीच्या काळातील भाववाढीचेच कारण होते. कुटुंबांना त्यातून दिलासा मिळाला, हे खरे. पण वेतनाचे दुखणे भत्त्याने बरे करायचा हा प्रयत्न होता आणि त्याचा लाभ फक्त परदेशी असलेल्यांना झाला; नॉरफोकच्या सैनिकाच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. शिवाय थांबवलेली कपात पुढे लागू झाली ती नेमकी येन घसरत असताना, त्यामुळे दोन वेगळ्या कारणांचे धक्के एकावर एक बसले.

काटकसर करणाऱ्याची शिक्षा

तक्रारींत फारसा न ऐकू येणारा, पण माझ्या मते सर्वांत गंभीर दोष राहणीमान पाहणीत आहे. बाहेरचे भाव जास्त असले की शहाणी कुटुंबे काय करतात? बाहेर जेवणे कमी करतात, जपानी सुपरमार्केट टाळतात, जमेल ते कमिसरीत घेतात. तीन वर्षांनी पाहणी येते तेव्हा ती प्रामाणिकपणे लिहितात की आमची बाहेरची खरेदी आता ३५ नव्हे, २५ टक्के आहे आणि तळावरची ५५. जुन्याच भावांनी, ११५ च्या दराने, निर्देशांक १२० ऐवजी ११६ येतो. महिन्याला १२० डॉलर कमी. योकोसुका स्वस्त झालेले नाही. लोकांनी तिथे जगणे थोडे आवरते घेतले आहे, आणि त्या आवरत्या घेण्यालाच ‘राहणीमान’ म्हणून नोंदले गेले आहे. ताजी मासळी, स्थानिक भाजी, रविवारी कामाकुरापर्यंत जाऊन केलेले जेवण, या सोडून दिलेल्या गोष्टींसाठी पाहणीत रकाना नाही.

उलटही घडते. १४५ च्या दराने बाहेरचे सगळे परवडू लागले आणि पुढच्या पाहणीपर्यंत बाहेरच्या खरेदीचा वाटा ४५ टक्क्यांवर गेला, तर निर्देशांक १०७ वरून १०८ होईल. वाढ किरकोळ आहे, पण येन पुन्हा वधारला की या वाढलेल्या वाट्यामुळे भत्ताही अधिक वेगाने वर जाईल. पाहणी स्वस्ताईच्या वर्षी झाली की महागाईच्या वर्षी, यावर पुढच्या तीन वर्षांचा भत्ता अवलंबून राहतो. यावर उपाय अवघड नाही: काही मोजक्या, बाहेरच घ्याव्या लागणाऱ्या सेवांचे वजन पाहणीवर न सोडता ठरवून द्यावे. सवयींपेक्षा गरजेवर आधारलेला एक छोटा गाभा असला, तर काटकसरीची शिक्षा बरीच कमी होईल.

पाहणी भरणाऱ्यांची संख्या हा दुसरा प्रश्न. ती थोड्यांनीच भरली, तर त्या थोड्यांच्या सवयी साऱ्या तळाच्या होतात. लहान मुलांच्या आईबापांना ऑनलाइन अर्ज भरायला सवड कुठून मिळणार, आणि ज्यांना ती असते त्या तरुण जोडप्यांच्या सवयी वेगळ्या असतात, असा संशय घ्यायला जागा आहे. पण तो संशयच आहे, आणि त्याचा परिणाम वर जातो की खाली हे तळागणिक बदलेल.

शंभरच्या खाली

येन २०२२ नंतर सावरला आणि पुन्हा घसरला. जुलै २०२४ मध्ये तो डॉलरला १६१ च्या पलीकडे गेला, १९८६ नंतरचा नीचांक. आपल्या धरलेल्या आकड्यांत, भावांतला फरक जमेस धरून, योकोसुकाच्या बाजाराचे भाव अमेरिकेच्या सरासरीशी बरोबरीला येतात ते डॉलरला साधारण १६२ येनच्या दराने. त्या दराने निर्देशांक १०३ होतो आणि कोला महिन्याला ९० डॉलर. हे ९० डॉलरही जपानमुळे मिळत नाहीत. ते तळावरच्या दुकानांच्या आणि इंटरनेटच्या थोड्या चढ्या भावांमुळे मिळतात.

येन समजा २०० वर गेला, तर निर्देशांक ९६ येईल. सूत्र तसेच चालवले असते तर सैनिकाच्या पगारातून महिन्याला १२० डॉलर कापावे लागले असते, कारण योकोसुकात राहणे आता अमेरिकेपेक्षा स्वस्त पडते. नियम तसे करू देत नाही: निर्देशांक शंभरवर किंवा त्याखाली आला की कोला शून्य होतो, उणे होत नाही. येन महाग असताना सरकार भरपाई देते आणि तो फारच स्वस्त झाला तर फरक कुटुंबाकडे राहू देते. आपल्या हिशेबातले कुटुंब २०२२ मध्ये त्या टोकापर्यंत पोचले नव्हते, म्हणून ही सोय तिथे दिसली नाही.